ताईच्या हातचे विंग्ज

१ जानेवारी, बुधवार

मेले! मार्गशीर्ष सरला आणि सकाळी चहालाच सासऱ्यांनी विषय काढला. "सूनबाई, महिनाभर नुसतं भाजी-वरण. आता रविवारी तुझ्या हातचे कोंबडीचे विंग्ज होऊ दे. मुरुमला खाल्लेले आजून जिभेवर हायेत!" इंद्रजित गालात हसला. लग्नाला सव्वा महिना झाला, पहिल्यांदाच त्याला माझा अभिमान वाटताना बघितला.

मी "हो आप्पा" म्हणाले.

मला विंग्ज येत नाहीत. इथं तरी खरं लिहिते. ते ताईनं केले होते.

दिवाळीआधी ही माणसं परंड्याहून आमच्याकडं, मुरुमला आली ती ज्ञानेश्वरीताईला बघायला. ती एकोणतीस, मी तेवीस. मध्यस्थानं सांगितलेलं, मुलगा दोन वर्षं पुण्यात होता, त्याला विंग्ज लई आवडतात. ताई उमरग्याच्या मेसमध्ये स्वयंपाक सांभाळते, तिला काय अवघड? सकाळपासून खपत होती. मी फक्त ताटं नेली. आप्पांनी बोटं चाटत विचारलं, "कुणी केलं हे?" आणि कडूआत्या, आमच्या वडिलांची, दादांची बहीण, पटकन म्हणाली, "आमच्या धाकटीनं! वर्षाराणीनं!" ताई दारात उभी होती. तिनं खाली बघितलं. मीही खाली बघितलं.

चौथ्या दिवशी फोन. धाकटी द्या.

एक वाक्य होतं. तिथंच खोडता आलं असतं. इंद्रजित मला आवडला होता — हेही खरं.

ताई माझ्या लग्नात राबली, हळद लावली, माझी साडी नेसवली. पण तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही.

३ जानेवारी

ताईला तीनदा फोन. उचलला नाही. मेसेज टाकला, "विंग्ज कसे करायचे सांग ना." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

बरोबरच आहे तिचं. तिचं घर घेऊन वर तिलाच पाककृती विचारायची!

५ जानेवारी, रविवार

वाटोळं झालं.

सासूबाई माळकरी नसल्या तरी कधीच खात नाहीत, म्हणून मटण-चिकनचा गॅस आणि भांडी मागं पत्र्याखाली वेगळी. तिथं मी एकटी. इंद्रजितनं किलोभर विंग्ज आणून दिले. दुकानदारानं कातडं काढलेलं. ताईच्या विंग्जना कातडं होतं, तेवढं आठवतं. टोकं तोडायची असतात का तशीच ठेवायची? तोडली. मग वाटलं चुकलं. दही, आलं-लसूण, काळं तिखट, मीठ लावून सोडले तेलात. तेल एवढं उडालं की मी बादलीपर्यंत मागं पळाले. दोन मिनिटांत बाहेरून काळे. वाटलं झाले. ताटात वाढले, आप्पांनी एक मोडला — हाडापाशी लाल पाणी.

न रागावता तो ताटाच्या कडेला सारला. तेच वाईट. आप्पा म्हणाले, "परकी चूल हाय, सवय व्हायला टाइम लागतो." इंद्रजितनं शेवटी अंड्यांची पोळी करून आणली. सासूबाई लांबूनच, "मुरुमला लई झकास झालते म्हणं की!"

त्यांचा आवाज साधाच होता. मला मात्र अंगावर आल्यासारखा वाटला.

६ जानेवारी

हातावर तीन फोड. मोबाईलवर अकरा व्हिडिओ बघितले. एकजण म्हणतो कॉर्नफ्लॉवर, दुसरा म्हणतो अजिबात नको. सगळ्यांकडं ओव्हन!

९ जानेवारी, गुरुवार

ताईचा मेसेज आला!! दुपारी कपडे वाळत घालत होते, तशीच ओल्या हातानं उघडला.

"धुतल्यावर फडक्यानं कोरडे कर. पाणी ठिवू नको. कातड्यासकट माग. दोनदा तळ, आधी बारीक आचेवर."

बस्स. 'कशी आहेस' नाही, काही नाही. मी लिहिलं, "ताई, माझ्यावर चिडलीस ना?" निळ्या खुणा. उत्तर नाही.

एवढ्या चार ओळी मी कितीदा वाचल्या असतील.

१२ जानेवारी, रविवार

आज चिकन सेंटरवर मी स्वतः गेले. "कातड्यासकट द्या." दुकानदार बघतच राहिला. घरी आणून एकेक तुकडा पुसला, पोराचं अंग पुसावं तसा. दोनदा तळले. कच्चे नव्हते. पण मीठ डबल पडलं — दह्यातही घातलं, वरूनही भुरभुरलं. आप्पांनी भाकरीचा मोठा तुकडा घेऊन एकेक संपवला. बिचारे! मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते.

हात धुता धुता म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझे दादा अन् ज्ञानेश्वरी संक्रांतीचं वाण घेऊन येनारेत. फोन आलता. तवा असे कर की मुरुमचा दिवस आठवला पायजे."

ताई इथं? माझ्या ताटावर?

१४ जानेवारी, संक्रांत

काळी साडी, हलव्याचे दागिने. वीस-पंचवीस बायका आल्या. प्रत्येकीला सासूबाई सांगत होत्या, "आमची सून सुगरण हाय." मी तिळगूळ वाटत होते. हसत होते. एका बाईनं विचारलं, "काय काय येतं गं?" तिळगुळाची वाटी हातातून सांडली.

१६ जानेवारी

इंद्रजितला सगळं सांगितलं. राहवेनाच. त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायचं, रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं डबा घेऊन गेले आणि तिथंच, तांब्याच्या तारांच्या ढिगापाशी उभी राहून बोलून टाकलं. वाटलं ओरडेल. ओरडला नाही. एक तार बोटाला गुंडाळत बसला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला येडं बनवलं?"

"मी नाही. आत्या —"

"तू गप बसलीस ना पण?"

हो. बसले.

मग म्हणाला, "आप्पांना कळू देऊ नको. गावभर सांगत सुटलेत ते. शिक तू, काय?" आणि डबा उघडून जेवायला बसला. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. आता खोटं बोलणारे दोघं झालो. एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

दादा आणि ताई सकाळीच मुरुमहून निघाले, पोचायला दुपार झाली. ताई वाळलीय. मेसमधल्या कामानं असेल. का माझ्यामुळं?

मी मागं पत्र्याखाली कढई तापवत होते तर ती येऊन खांबाला टेकून उभी राहिली. हाताची घडी. मी म्हटलं, "ताई, तूच कर ना गं. कुणाला कळणार नाही."

"नको. तुझं घर हाय."

कढईत एकदा बघितलं आणि म्हणाली, "आता काढ." मी काढले. दुसऱ्यांदा सोडले, परत म्हणाली, "आता." गुळाचं पाणी, काळं तिखट, लिंबू, वरून परतून — तेही तिनं नुसतं बोटानं दाखवलं. हात लावला नाही कशाला. आणि झाले! खरंच झाले! तसेच चकचकीत.

पंगतीत आप्पांचा चेहरा काय फुलला! "ह्येच! ह्येच ते!" मग ताईकडं वळले. "ज्ञानेश्वरी, तू बी शिकून घे धाकटीकडनं. कुठं अडत न्हाय मग बाईमाणसाचं."

दादांचा हात ताटातच थांबला. इंद्रजितनं पाण्याचा तांब्या उचलला, उगीच. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण ताई आधी बोलली.

"व्हय आप्पा, मला तिनंच शिकवले."

शांतपणे. घास मोडत. हसून सुद्धा.

ती मला दुसऱ्यांदा वाचवत होती, का दुसऱ्यांदा मारत होती? हात धुताना मी तिचा दंड धरला, "ताई, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं." तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. "गाडी चुकंल," म्हणाली आणि दादांची पिशवी उचलली.

एसटीच्या खिडकीतून तिनं हात केला, पण दुसरीकडंच बघत.

२० जानेवारी

आप्पांनी शेजारच्या चार घरांत सांगून ठेवलंय. पुढच्या रविवारी तीन किलो.

२३ जानेवारी

ताईला फोन नाही केला. काय म्हणू? माफ कर म्हणू? माफीनं काय होतं? तिचं लग्न परत होतं का? कडूआत्या परवा फोनवर म्हणाली, ताईला आलेलं आणखी एक स्थळ मोडलं. मी फरशी पुसत होते, तशीच पुसत राहिले.

२६ जानेवारी, रविवार

तीन किलो विंग्ज पुसत बसले होते, तेवढ्यात ताईचा फोन आला. स्वतःहून. झेंडावंदनाची सुट्टी, मेस बंद.

म्हणाली, "कडूआत्याला 'धाकटीनं केलं' ते वाक्य म्याच पढवलं होतं. मला नव्हतं जायचं त्या घरात. कुठल्याच न्हाय. ह्या वक्ताचं स्थळ बी म्याच मोडलं. तुझ्यापुढं तोंड दाखवायची लाज वाटती, म्हणून फोन उचलत नव्हते."

मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "मग मला आधी विचारलं का नाहीस?"

ताई हळू आवाजात म्हणाली,

"तू न्हाय म्हणली असतीस. मग मलाच जावं लागलं असतं."