मालक पुण्याला असतात

निमगाव केतकी,
ता. २४ जानेवारी १९९६

चि. दादासो यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आमच्याकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा दुखतो, पण रानात जायचं सोडत नाहीत. शाळेत तपासणी होऊन गेली. डाळिंबं यंदा चांगली आलीत. तुझ्या सुकन्याला आणि मुलांना थोडी पाठवणार होते, पण पुण्याला जाणारं कुणी भेटलं नाही. खरं तर मी शोधलंच नाही.

पत्र मी शाळेत वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच परत आणला. राग आला असता तर बरं झालं असतं. शिसारी आली.

बारामतीच्या घराचा खालचा मजला, आई राहते तोच, कंपनीला गेस्ट हाउससाठी हवाय, भाडं भरपूर येईल, त्या भाड्याच्या जोरावर बँक तुला पुण्यातल्या दुसऱ्या फ्लॅटला कर्ज देईल, म्हणून मार्चच्या आत आईनं माझ्याकडे यावं. इथवर कळलं. पण सोबत कागद कसला पाठवलास? 'मी, सारजाबाई, भाडेकरू, जागेचा ताबा राजीखुशीने सोडत आहे.' वर मला लिहितोस, 'आक्का, तेवढा अंगठा घे.' आई सही करते, दादासो. मी शिकवलीय तिला.

भाडेकरू हा शब्द तू घर बांधलंस तेव्हाचा. किती हौसेनं समजावलं होतंस मला! आई तशीच राहते असं दाखवलं तर कर्जाच्या व्याजाची सूट चिमूटभर. भाड्यानं दिलंय म्हटलं की सगळं व्याज वजा, शिवाय भाड्याचा पाचवा हिस्सा दुरुस्तीच्या नावानं वजा. इन्कमटॅक्सच्या साहेबाला दाखवायला दरमहा पावती फाडायची. 'नुसता कागद आहे गं,' म्हणाला होतास.

गेल्या रविवारी तिळगूळ घेऊन आईकडे गेले होते. मतदार यादीचे गुरुजी आले. घर कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं.

"मालक पुण्याला अस्त्यात," आई म्हणाली.

"म्हणजे तुमचे यजमान?"

"न्हाय वो, त्ये वारलं. मालक म्हंजी माझा ल्योक. आमी भाड्यानं ऱ्हातो हितं."

जन्मभर तिनं आप्पांना मालक म्हटलं. आता तोच शब्द तुला, तोही 'अस्त्यात' लावून. गुरुजी खाली मान घालून लिहीत राहिले. ते गेल्यावर मी म्हटलं, "आई, असं काय सांगतेस लोकांना? तो कागद खोटा आहे."

"खोटा कसा? पेन्शनीतनं म्हयन्याला भाडं जातंय की. म्या काय फुकट ऱ्हाती व्हय? भितीत खिळा ठोकायचा तरी त्येला इचारून ठोकती."

कालव्यावर जन्म काढून आप्पांनी मागं ठेवलेली ती पेन्शन. साहेबाला पैसे बँकेतून फिरलेले दिसायला हवेत, म्हणून पेन्शनमधून भाडं तुझ्या खात्यात वळवायला तू तिची सही घेतलीस, आणि तेव्हा बरी तिला सही येत होती! फिरलेले म्हणे. फिरून परत कधी आले तिच्याकडे? दळण, वीज, औषधं ती उरलेल्यात भागवते. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर भाडं थकवतात, आईचं कधी चुकत नाही, असं कौतुकही केलंस म्हणे. ती ते अभिमानानं सांगत होती.

मोरीतला नळ गळतो आहे. मालकाला कळवावं म्हणून लिहिलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सोमवारी रजा टाकून मी आईला कोर्टासमोरच्या वकिलांकडे नेलं. तुझ्या पावत्या तिनं डब्यात जपून ठेवल्यात. त्या पाहून वकील चष्मा काढून हसायला लागले. म्हणाले, "बाई, मुलानं यांना नुसतं आई म्हणून ठेवलं असतं, तर मला फार काही करता आलं नसतं. यानं रीतसर भाडेकरू केलंय. आता उठवतो म्हणाला तर वर्षानुवर्षं कोर्टात फेऱ्या घालेल. आणि भाडं खोटं होतं म्हणाला, तर इन्कमटॅक्सला काय सांगणार?"

मला वाटलं, आई म्हणेल, लेकावर कोर्ट नको. तिनं पावत्या मोजून परत घेतल्या. मंडईत मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्येला लिही. ल्योक म्हणून आला तर घर त्येचंच हाय, आत्ता उठती. मालक म्हणून आला तर म्या न्हाय उठायची."

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. पुढच्या महिन्यापासून पेन्शनला हात लावू नकोस. आई भाडं मनीऑर्डरनं पाठवेल, पोचपावती जपायला वकिलांनी सांगितलंय. तुला यायचं तर जरूर ये. दारात कोण म्हणून उभा राहणार, तेवढं एसटीत ठरवून ये.

तुझ्या भाडेकरूची मुलगी,
जयवंता