नळातल्या मुंग्या

दि. ४ मार्च, दुपार

चि. भोंगा,

अनेक आशीर्वाद. आता तू बाप झालास, तरी लहानपणी दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असा रडायचास हे मी विसरलेले नाही. त्यामुळे हाक तीच.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. शेजारच्या शिंपिणीनं तुझ्या चिमणीसाठी फ्रॉक शिवलाय. जरा मोठा झालाय, पण वाढत्या अंगाला चालेल. तुझी कामं कशी चाललीत? शिडीवर चढताना खाली कुणाला तरी धरायला सांगत जा.

परवा सूनबाईनं फोनवर विचारलं, चिमणीला सुट्टीत इकडे पाठवू का म्हणून. मी घराला रंग काढायचाय असं काहीतरी पुटपुटले. तुला वाटलं असेल, तुझ्या नि बाबांच्या त्या भांडणाचा राग आई नातीवर काढतेय. तसं नाही रे. रंगबिंग काही नाहीये. पण घर हे एवढंसं, आणि तुझ्या बाबांचे कान अजून शाबूत आहेत. फोनवर खरं कसं बोलणार? म्हणून हे पत्र.

आपलं बाथरूम तुला माहीतच आहे. बादली आत ठेवली की माणसानं बाहेर उभं राहायचं. या थंडीत बाबांनी गिझरचं बटण नवीन बसवलं. तेव्हापासून ओल्या हातानं नळ धरला की मनगटापर्यंत मुंग्या येतात. बटण बंद असलं तरी येतात. तुम्हां दोघा वायरमनांच्या धंद्यातलं मला कळत नाही, पण बंद म्हणजे बंद असायला हवं एवढं कळतं.

त्यांना सांगितलं. ते नेहमीसारखे रबरी चप्पल घालून आत गेले, हाताची मागची बाजू नळाला लावली आणि म्हणाले, "काही नाही. तुझ्या अंगातलाच करंट आहे तो." मी हसले. आयुष्यभर या माणसानं असाच हात लावून करंट ओळखला. तू ती ब्रेकरची डबी बसवू या म्हणालास, करंट गळला की आपोआप पडणारी, तर "मला डबी शिकवतोस?" म्हणून तुझी पिशवी बाहेर ठेवली. अशा माणसापुढे माझ्या मुंग्यांची काय कथा!

मग एक दिवस मी सांडशी शोधत होते, तेवढ्यात त्यांनी गॅसवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं. अगदी शांतपणे. बोटांवर फोड आलेत हे मी दाखवलं तेव्हा त्यांना दिसलं. "अगं, लागलंच नाही," म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ हात टॉवेलखाली घेऊन बसले. साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर केलीत रे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नळाला करंट आहेच. तो त्यांच्या हाताला कळत नाही.

मी घाबरले. चिमणी ओल्या पायांनी तो नळ धरतेय असंच सारखं डोळ्यांपुढे यायला लागलं, म्हणून ती रंगाची थाप.

दुसरा वायरमन बोलवावा, तर परक्यानं त्यांचं काम उघडून नावं ठेवायची म्हणजे त्यांना जिवंतपणी मारणंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तू ओळखतोसच.

पण गेल्या आठवड्यात कपडे वाळत घालून आले, तर ते बाथरूममध्ये उभे. नळाला टेस्टर टेकवलेला आणि त्याचा दिवा पेटलेला. खाली फरशीवर बटणाचे दोन स्क्रू पडलेले, बोटांतून निसटले असावेत. मला पाहून त्यांनी टेस्टर सदऱ्याला पुसून खिशात टाकला. "बिघडलाय," म्हणाले. मीही म्हटलं, "जुना झालाय हो."

दुसऱ्या सकाळी बाथरूमच्या दाराशी त्यांची रबरी चप्पल माझ्यासाठी मांडून ठेवलेली. "घालत जा, फरशी निसरडी झालीय." घरात तशी चप्पल एकच. ते माझ्या आधीच आंघोळ उरकून आले होते, आणि खोलीभर त्यांच्या अनवाणी पावलांचं पाणी.

तेव्हापासून ते आंघोळीला निघाले की मी घराचा मेन स्विच पाडते. पहिल्या दिवशी आतून ओरडले, "लाइट गेले गं!" मी म्हटलं, "गेले हो!" रोज बरोबर आपल्याच आंघोळीला लाइट जातात, हे हाडाच्या वायरमनला कळू नये? पण विचारलं नाही. आज मात्र टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी थांबले. आत जाईनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाडलास का मेन?"

"पाडला."

"बरं केलंस," म्हणाले, आणि आत गेले.

तर आता तू ये. ती डबी घेऊन ये. भांडण जिंकायला येणार असशील तर मात्र येऊ नकोस. तुमच्यात कोण खरा ते मला नको, मला तुझा बाप जिवंत हवा. कामाला लागलास की त्यांना स्टूल धरायला सांग आणि कुठली तार कुठे जाते ते विचारत राहा. माहीत असलं तरी विचार. स्क्रू त्यांच्या हातात देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची राहू दे.

चिमणीला मागाहून आण. फ्रॉक कुठे पळून जात नाही.

तू दारात दिसेपर्यंत रोज सकाळी मेनपाशी उभी असलेली,

तुझी आई