भोपळ्याचा पहिला घाव

३१ ऑक्टोबर, पोलादपूर

मुंबईहून आलेल्या भाचीने दुपारी टीव्हीवर चेटकिणीचा सिनेमा लावला. चेटकीण झाडूवर बसून उडते, मांजर बोलतं, शेवटी तिची एका आगाऊ मुलीशी गट्टी जमते. मला मजा वाटली. सासूबाईंना मात्र उडण्याबिडण्याचं काहीच नवल नाही! त्यांना एकच लागून राहिलं. त्या मुलीने अख्खा भोपळा स्वतः कापला आणि त्याला डोळे कोरले.

"पयला घाव कुनी घातला? घरात पुरुष नाय?"

"तिनेच घातला, आई."

"आनि काय झालं नाय?"

काय होणार होतं? पण मी तरी कधी विचारलंय का? आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषानेच घालायचा. हे नोकरीला मुंबईत, म्हणून आमचा भोपळा दसऱ्यापासून पलंगाखाली पडून आहे. शेजारच्या भाऊजींना बोलवायचं रोज राहून जातं.

चहाच्या वेळी पुन्हा तेच. "त्या पोरीला काय झालं नाय ना?"

"नाही हो. हसत होती ती."

संध्याकाळी भाकऱ्या करायला उठले, तर सासूबाई भोपळा ओढून त्याच्यासमोर बसलेल्या.

"कोयता आन," म्हणाल्या. "आनि दार लाव गो."