फुलाचा हात

११ जानेवारी १९७६, रविवार

आज एक मामा कापला. उत्तमराव माळी वरातीचा ग्रुप घेऊन आले. वीसेक माणसं. त्यातले फक्त त्यांचे वडील पाहिजेत, मोठे करून, आणि वडिलांना चिकटून बसलेला मामा अजिबात नको. मामाशी बांधावरून वाजलंय. मी दादाचे दोन काळे पुठ्ठे घेतले, काटकोनात कापलेले. ते फोटोवर ठेवायचे, आतबाहेर सरकवत राहायचं, हवा तेवढाच भाग चौकटीत धरायचा. मामाचा खांदा काही केल्या जाईना. शेवटी फोटोवरून काढलेल्या निगेटिव्हवर लाल शाई फिरवली. शाईतून उजेड जात नाही, मग कागदावर तिथं नुसतं पांढरं राहतं. उत्तमराव खूश. निघताना म्हणाले, बाबांना जरा गोरं करा. मेल्यावरसुद्धा सगळ्यांना गोरंच व्हायचं असतं!

दादाचा स्टुडिओ असल्याच कामांवर चालतो. माणूस जिवंत असताना त्याचा एकट्याचा फोटो काढावा हे कुणाच्या डोक्यात येत नाही. गेलं की धावत येतात — ह्या घोळक्यातला एवढा एक काढून द्या. मोठं करणं दादाचं, कापणं आणि टचिंग माझं. टोकदार पेन्सिलनं निगेटिव्हवरचे वण, मस, सुरकुत्या भरत बसायचं. आता हात इतका बसलाय की डोकं दुसरीकडे असलं तरी पेन्सिल आपली डाग शोधत फिरते. दादा चिडवतो, रिसोडातल्या एकाही मेलेल्या माणसाच्या तोंडावर मी डाग ठेवला नाही म्हणून.

१५ जानेवारी

सासूबाई आल्या. किन्हीराजाहून एकट्या, एसटीनं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी पिशवीत तुरीच्या शेंगा निवडून आणलेल्या. शेंगा माझ्यापुढे ओतल्या आणि बसल्या.  मी समजले, काहीतरी ठरवून आल्यात.

दौलतराव म्हणजे माझे चुलत दीर, ते मागे लागलेत. निघून गेल्याला तीन वर्षं होत आली, गोविंदा काही आता येत नाही, फोटो लावा भिंतीवर, हार घाला, विहारात चार माणसं बोलवा आणि मोकळे व्हा, असं त्यांचं म्हणणं.

सासूबाई म्हणाल्या, “मी माह्या पोराले हार नाही घालनार. तू त्याले पेपरात टाक, अंजने. माहे डोये आहेत तोवर पाहू दे मले.”

मी हो म्हटलं. आधीच का नाही टाकलं, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते?

१६ जानेवारी

शेंगा उकडल्या. कुणीच खाल्ल्या नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

पेटीतून फोटो काढला. एकच आहे. बहात्तरच्या डिसेंबरात दादानं हौसेनं काढलेला. त्याची निगेटिव्ह पावसात भिजून गेली, आता उरला आहे तो हाच कागद.

हे खुर्चीवर ताठ बसलेत. मांडीवर फुला, दोन वर्षांची. मी फोटोत नाही. दादाच्या मागे उभी राहून मी तिला हसवत होते, म्हणून ती सरळ माझ्याकडे बघून हसते आहे. आणि तिचा हात ह्यांच्या डाव्या गालावर. ह्यांना लहानपणी देवी आलेल्या, सगळा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा. लग्नात माझ्या मावश्या कुजबुजल्या होत्या आणि ते ह्यांनी ऐकलं होतं. कुणी टक लावून पाहिलं की मान वळवायचे. फुलाला मात्र ते खड्डे फार आवडत. एकेका खड्ड्यात बोट ठेवून बसायची आणि हे हलायचे नाहीत.

ही एवढीच फुला आहे माझ्याकडे.

लिहूनच टाकते. त्र्याहत्तरचा एप्रिल. जऊळक्याजवळ दुष्काळी काम चाललं होतं, रस्त्याची गिट्टी. दोघांचीही नावं हजेरीवर, लेकरू आळीपाळीनं सांभाळायचं. त्या दुपारी पाळी ह्यांची होती. बाभळीखाली बसले होते. आदल्या रात्री घागरभर पाण्यासाठी विहिरीवर जागले होते, त्यांचा डोळा लागला. बाभूळ एका बाजूला, मी गिट्टी फोडत होते ती जागा दुसऱ्या बाजूला, आणि मधे दगडाची खदान होती. सगळ्या मुलखात पाणी आटलं होतं. तिथं मात्र होतं.

तिला बाहेर काढून आणल्यावर मी सगळ्या माणसांसमोर ह्यांना म्हटलं, “तुमच्या भरोशावर होती ती.” ओरडले नाही. एकदाच म्हटलं.  बारा दिवसांनी जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत चढताना कुणीतरी त्यांना पाहिलं. त्यानंतर काही नाही.

मला ते वाक्य परत घ्यायचं आहे. त्यासाठी ते सापडले पाहिजेत. ते घरी आले नाहीत तरी चालेल, पण एकदा समोर उभे राहिले पाहिजेत. का परत घ्यायचं, ते मात्र इथंही लिहवत नाही.

२० जानेवारी

पेपरवाल्यांना चेहरा एकट्याचा पाहिजे. लेकरू दिसलं की लोक लेकराकडेच बघतात, असं त्यांनी दादाला सांगितलं. बरोबरच आहे. मीही तेच बघते.

दादा म्हणाला, हे मी करतो, तू राहू दे. मी म्हटलं, रिसोडातल्या सगळ्या मेलेल्यांना मीच कापते, मग जिवंत माणसाला तू कशाला?

पुठ्ठे ठेवले. खालून वर सरकवत गेले. आधी तिचे पाय गेले, मग फ्रॉक, मग हनुवटी. हसणारं तोंड चौकटीच्या काठाला आलं तेव्हा थांबले. मग पुठ्ठा सरकवला. हात राहिला! चार बोटं गालावर तशीच. पुठ्ठा आणखी वर घ्यावा तर ह्यांचं तोंडच कापलं जातं.

दादानं तेवढ्याच भागाची कॉपी काढून प्रिंट करून दिली. मी ब्रश घेतला आणि बोटांवर गाल रंगवला. एक बोट, दुसरं, तिसरं, चौथं. रंगवताना रडले नाही. ब्रश धुताना रडले.

२१ जानेवारी

डावा गाल गुळगुळीत झाला होता, उजवा खड्ड्यांचा. विचित्र दिसत होतं. उजवाही नीट केला. कपाळ आणि नाकही केलं. दोन तास लागले. तीन वर्षांनी ह्यांच्या चेहऱ्याजवळ इतका वेळ बसले. इतके देखणे होते हे! मावश्यांना दाखवायला हवं होतं.

दादानं त्यावरून पक्की निगेटिव्ह केली आणि पेपर छापायच्या ब्लॉकसाठी चकचकीत प्रिंट काढून पोस्टात टाकली. खाली नाव, गाव, वय आणि आमच्या स्टुडिओचा पत्ता.

८ फेब्रुवारी, रविवार

आलं. नागपूरच्या पेपरात, तिसऱ्या पानावर. छान उमटलंय. दादानं पाच अंक आणले, एक किन्हीराजाला पाठवला.

१६ फेब्रुवारी

पोस्टमन आला की हातातलं काम तसंच राहतं. आज डेव्हलपरच्या रसायनात कागद जास्त राहिला आणि एका नवरीचं तोंड काळं झालं. दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई परत आल्या. पेपर घडी करून कमरेला खोचलेला.

म्हणाल्या, “गावात कोनीच नाही ओयखलं त्याले. दुर्गाबाईनं इचारलं, हा कोन व्हय?”

दुर्गाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिच्या अंगणात हे लहानाचे मोठे झाले. तिला ओळखू आले नाहीत!

मी पेपर हातात घेतला. पंधरा दिवस रोज बघत होते, आज पहिल्यांदा पाहिला. कुणीतरी राजबिंडा माणूस. एक वण नाही. ज्या माणसाला हजार जणांत त्याच्या वणांवरून ओळखता आलं असतं, त्याचे वण मी एकेक करून बुजवले. कुणी सांगितलंही नव्हतं. हार घालायच्या फोटोला करतात ते मी शोधायच्या फोटोला केलं. दौलतरावांचं काम मीच करून ठेवलं.

सासूबाईंना मी सांगितलं, चूक माझी.  त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, “त्याले लय वाटे, आपलं तोंड साफ असतं तं बरं झालं असतं. तू केलं. जाऊ दे. आता जसा होता तसा टाक.”

त्या असं बोलल्या नसत्या तर सोपं गेलं असतं.

२३ फेब्रुवारी

दादाकडून मूळ फोटोवरून नवी कॉपी काढून घेतली. पेन्सिल, ब्रश, सगळं कपाटात ठेवून दिलं. उजवा गाल जसाच्या तसा, सगळ्या खड्ड्यांसह. डाव्या गालावर चार बोटं.

दादानं विचारलं, “हात काहून ठेवला?”

मी म्हटलं, “त्याच्याखालचे वण मले माहीत नाहीत, दादा. मनानं काढले तं पुन्हा खोटं होईन.” हे खरं होतं. पण तिला दुसऱ्यांदा पुसणं मला जमलंही नसतं. ते मी बोलले नाही, आणि त्यानं विचारलं नाही. इंद्रभानदादा नुसता थोरला भाऊ नाही, थोडा बापही आहे.

१४ मार्च, रविवार

दुसऱ्यांदा आलं. चेहरा लहान छापलाय, पण ओळखू येतात. बोटंही दिसतात, नीट पाहिलं तर.

२० मार्च

दोन पत्रं आली. एक अकोटहून, पण त्या माणसाला सहा बोटं आहेत म्हणे. दुसरं एका ज्योतिषाचं. फाडलं.

२९ मार्च, सोमवार

कार्ड आलं. अक्षर ह्यांचं. मघापासून दहादा वाचलं. इथं उतरवून ठेवते, कार्ड सासूबाईंना द्यावं लागेल.

“इंद्रभानभाऊले जयभीम. पहिला फोटो मी पाहिला होता. चहाच्या दुकानात सगळ्यायनं पाहिला. नाव मी इथं दुसरं सांगतलं आहे. कोनी ओयखलं नाही. मले बरं वाटलं. मी तो कापून जवळ ठेवला. आता दुसरा आला अन् सगळे मले ओयखाले लागले. त्याचं काही नाही. पन ते इचारतात, गालावर हा हात कोनाचा आहे. मी काय सांगू? सकाळच्या गाडीनं इथून निंगून राह्यलो. कुठं ते ठरलं नाही. मायले सांगजा, मी जिता आहे. फोटो छापू नोका. अंजनाची काही चूक नाही. तिच्यासमोर याले माहं तोंड नाही.”

शिक्का भुसावळचा. पत्ता नाही.

जिवंत आहेत. आधी हेच लिहायला हवं होतं. जिवंत आहेत! आणि मी त्यांना बसल्या जागेवरून उठवलं. खोटा फोटो त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा सुखाची झोप देऊन गेला असेल. खऱ्या फोटोनं त्यांना तिथून घालवलं. मी महिनाभर ज्या चुकीसाठी स्वतःला खात होते ती चूक नव्हतीच. चूक ती सुधारण्यात झाली. की तीही नाही? मला आता काही कळत नाही.

“अंजनाची काही चूक नाही.” हे मात्र माझ्यानं वाचवत नाही. प्रत्येक वेळी त्या ओळीवर बोट ठेवून पुढे जाते.

३० मार्च

दादा किन्हीराजाला जाऊन आला. सासूबाई कार्ड छातीशी धरून ओसरीत बसून राहिल्या म्हणे, आणि दौलतरावांना तिथूनच सांगितलं, हार दुसऱ्याले घाला.

दादा म्हणतो, आता शोधणं बंद. त्याला राहायचं तसं राहू दे.

१ एप्रिल, गुरुवार

पेपरला तिसरी जाहिरात पाठवली. दादानं मजकूर वाचला, परत एकदा वाचला, मग विचारलं, फोटो कोणता लावायचा. मी म्हटलं, फोटो नको. नावही नको. नुसतं एवढंच छापा:

फुलाच्या बाबांस. त्या दुपारी ती उठून माझ्याकडे आली होती. हजेरीवाला समोर उभा होता म्हणून मी तिला “जा बाबाजवळ” म्हणून एकटीला परत पाठवलं आणि वळून पाहिलं नाही. तुम्ही झोपेत होता. तुमच्यापर्यंत ती पोचलीच नाही.