ताकदीची गोळी

दोन वर्षं रोज सकाळी तू माझ्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवलीस आणि म्हणालीस, आजी, ही ताकदीची. ती साखरेच्या दुखण्यावरची होती. मला साखर झालीय हे तुला ठाऊक, तुझ्या बापाला ठाऊक, नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला ठाऊक. जिला झालीय तिलाच तेवढं ठाऊक नाय. हे आधी लिहून टाकते, नायतर पुढचा शब्द लिहायला हात उचलायचा नाय.

प्रिय प्राची,

लिहिला एकदाचा. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातली अर्धी मिठागरात बुडाली, तेव्हा काना-मात्रा तपासत बसू नकोस. चार दिवस लागले या कागदाला. फोन केला असता, पण फोनवर तू "आज्जी गं" म्हणतेस आणि मी गप बसते. कागदाला तुझा आवाज येत नाय ते बरं हाय.

पायाचं सांगते. तुझ्या लग्नात धवल्यांची गाणी म्हणायला मीच पुढं बसणार, व्हिडिओत पाय दिसणार, म्हणून तू मला पनवेलच्या त्या पार्लरात नेलंस. ती पोरगी माझ्या अंगठ्याची नखं कोपऱ्यात घुसून घुसून गोल कापायला लागली. मी तिला म्हटलं, बाय, सरळ काप, कोपरे ठेव. ती हसली. "आजी, राऊंड शेप क्यूट दिसतो." सत्तरीत क्यूट दिसून मला कुणाच्या घरी नांदायला जायचं होतं? वर तू ती सोनेरी टोकदार मोजडी आणलीस. पाच बोटांना तीन बोटांची जागा. हळद, लग्न, मांडवपरतणी, सगळं त्याच मोजडीत केलं, कारण तू हौसेनं आणली होतीस. तू पुण्याला सासरी गेलीस आणि दोन महिन्यांत उजव्या अंगठ्याचं नख कडेनं मांसात रुतलं. आधी लाल झालं, मग सुजलं, मग चादरीला पिवळे डाग पडायला लागले.

आता नख रुतलं म्हणून घाबरणारी मी नव्हे. मिठागरात आमी दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या, नखं भिजून मऊ, त्यात फावड्याचा मार. दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं नख रुतायचं आणि ती बाई लंगडत माझ्याकडं यायची. कोमट पाण्यात पाय, मग नखाच्या कडेखाली खोबरेल तेलात भिजवलेली कापसाची बारीक वात सरकवायची, रोज नवी. नख वर येईतो कापायचं नाय, आणि कापलं तर सरळ, बोटाच्या टोकाबरोबर. फारच पिकलं तर ब्लेडची पाती तापवून मी कोपरा काढायची. मुकादमसुद्धा यायचा, माझ्यासमोर लहान पोरासारखा ओरडायचा.

ते सगळं मी चार वर्षांपूर्वी सोडलं. का सोडलं ते तुला माहीत हाय. पण हा पाय माझाच होता, म्हटलं बिघडला तर माझाच बिघडेल. तुझी आई कामावर गेल्यावर घमेल्यात गरम पाणी घेतलं, पाय बुडवला, काही वाटलं नाय. हात घातला तर हात भाजला. पाय तसाच आत. मला वाटलं, वा, मिठागरानं पाय कसा टणक करून ठेवलाय! मग पाती घेतली आणि कोपरा काढला. दुखलं पण कमीच. आठ दिवसांनी अंगठा वांग्यासारखा झाला आणि वास यायला लागला. तुझ्या बापानं नाक वर करून विचारलं, "आई, मेलेली घूस हाय का घरात?" मी म्हटलं, हाय, माझ्या पायात.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईनं पट्टी सोडली आणि पहिलंच विचारलं, "आजी, शुगर किती वर्षं?" मी म्हटलं, मला शुगर नाय, माझ्या नातीनं रिपोर्ट वाचलाय. गावातल्या शिबिरात बोटातनं रक्त काढलं होतं, रिपोर्ट तुझ्या मोबाईलवर आला होता, पडवीत बसून तू वाचला होतास, "सगळं नॉर्मल." या घरात कागद तू वाचायचीस. लाईटचं बिल, सातबारा, लग्नपत्रिका, सगळं. मी डोळे तुझ्यावर टाकून मोकळी झाले होते. डॉक्टरीणबाईनं तुझ्या बापाकडं बघितलं. तो भिंतीवरच्या पायाच्या चित्रात बोटं मोजत बसला.

तिनं मला रागावलं नाय, समजावून सांगितलं, ते तुलापण सांगते, तुझ्या अंगात माझंच रक्त हाय. साखरेनं पायाची जाणीव मरते. म्हणून ते पाणी मला भाजलं नाय. जखम भरत नाय आणि कळतही नाय. साखरवाल्यानं नख रुतलं की घरी एक टोक पण खोदायचं नाय, सरळ डॉक्टर गाठायचा. पाणी आधी कोपरानं बघायचं. रोज पाय उलटसुलट बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा ठेवून. चप्पल रुंद तोंडाची. तिनं अंगठ्यात बधिर करायची सुई देऊन नखाची कड काढली, मुळाशी औषध लावलं, म्हणजे तेवढी कड परत उगवणार नाय. दिवसाआड पट्टी असते. बोट रायलं. आणखी आठ दिवस घरी बसले असते तर नसतं रायलं, असं ती म्हणाली. माझी वात आणि माझं खोबरेल ऐकून हसली, म्हणाली, साखर नसलेल्याला चाललं असतं, पाती मात्र कुणालाच नाय.

का लपवलंत ते तुझ्या बापाकडनं काढून घेतलं. आजी घाबरेल, आजी धवले म्हणणार नाय, लग्नात रडारड नको. मी घाबरेन? तीन बाळंतपणं मिठागराच्या बांधावर काढलेली बाई मी. घाबरलात तुमी, माझ्या तोंडाला.

पण हे पत्र त्यासाठी नाय. माझ्या पायाचं मी गिळलं असतं. डॉक्टरीणबाईनं पुढं विचारलं, "घरात आणखी कुणाला शुगर?" आणि तुझा बाप बोलून गेला, "वडलांना होती. दहा वर्षं." बोलला आणि जीभ चावली. घरी आल्यावर मी त्याला उभा धरला. म्हणाला, बाबांनीच सांगितलं होतं, तुझ्या आईला कळू देऊ नको, ती ताटातला भात काढून घेईल. खरं हाय, काढून घेतला असता. आणि आज तो माणूस माझ्यासमोर बसून नाचणीच्या भाकरीला नावं ठेवत असता.

तुझा आजा पळस्प्याच्या गोडाऊनवर वॉचमन होता, कंपनीनं दिलेला बूट एक नंबर लहान, त्यानं त्याचं नख रुतलं. माझ्याकडं आला, कारण सगळी माझ्याकडंच यायची. मी पाती तापवली. महिन्यात अंगठा गेला, मग गुडघ्याखाली पाय, मग तो. गावात बायका म्हणाल्या, मालूचा हात लागला. मीपण तेच मानलं, आणि त्यानंतर कुणाच्या पायाला हात लावला नाय. हे मी फक्त तुझ्यापाशी बोलले होते, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. तू माझे हात धरून म्हणालीस, आजी, त्यांचं वय झालं होतं.

आता नीट वाच. त्या दुपारी लाईट गेली होती. मी तुझ्या आज्याचा पाय मांडीवर घेतला आणि मोबाईलची बत्ती धरून शेजारी तू बसली होतीस. त्याचे रिपोर्टपण तूच वाचायचीस. मला एवढंच सांग, बत्ती धरताना तुला त्याची साखर ठाऊक होती का? होती की नव्हती, एक शब्द पुरे. उत्तर तू द्यायचंस. तुझ्या बापानं नाय, नातजावयानं टाईप करून नाय, फोनवर रडून तर अजिबात नाय. तुझ्या हातानं, मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे या खेपेला मला कुणाकडनं वाचून घ्यावं लागणार नाय.

अजूनतरी तुझीच,
मालू आजी