तीळ कुठल्या गालावर

मंगळवार, ९ फेब्रुवारी

ठोकळ्या,

आशीर्वाद. चौथीत शाळा सुटली त्यानंतर एवढं मोठं पत्र कुणाला लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. माझा गुडघा मेला कुरकुरतो. दुकानावरचा पत्रा नवा घातला. पाटी तू रंगवलेलीच आहे. कात्रीच्या एका पात्याचा रंग उडालाय, पण रंगाऱ्याला हात लावू दिला नाही.

तुझ्या प्रदर्शनाचं कार्ड पोचलं. आजवरचं सगळं काम एकाच ठिकाणी टांगणार म्हणे. सगळं इंग्रजीत, मास्तरांनी वाचून दाखवलं. तुझं नवं पुस्तक निघालं की अजूनही तेच आणून दाखवतात. मोठ्या तेलचित्रांतलं मला काही कळत नाही. रिकामी खुर्ची काढायला माणसाला एवढा रंग का लागतो? पण पुस्तकातली चित्रं कळतात, कारण त्यात आपले बाबा असतात. राक्षस बाबा. सावकार बाबा. तुरुंगाचा जमादार, तोही बाबा. कार्डावर पण तूच तो पहिल्या पुस्तकातला दरोडेखोर छापलास. दुसरं काही मिळालं नाही का रे?

ते पुस्तक दुकानात आलं तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. मास्तर गळ्याला फडकं बांधून बसलेले, बाबांच्या हातात वस्तरा. मास्तर म्हणाले, "काय हो, गळा दरोडेखोराच्या हातात द्यायचा म्हणजे धाडसच!" सगळं दुकान हसलं. बाबाही हसले. छापखान्यातला काका म्हणाला, "पण तीळ चुकलाय. यांचा डाव्या गालावर, चित्रात उजव्या. चित्राचा लाकडी ठोकळा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सरळ उमटतं. पोरगं नवीन आहे, विसरलं."

गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी तुला विचारलं, "मी तुझं काय लुटलं रे?"

तू सरळ उत्तर दिलं असतंस तर तू कसला! म्हणालास, "साध्या माणसाचं तोंड छापलं तर कुणी बघत नाही."

"मग मला माणसात काढशील तेव्हा ये."

आणि तू पिशवी उचललीस. दोघंही एकाच लाकडाचे. मधे मी, दोन्हीकडून ओरखडे खायला.

नंतर तू एवढा मोठा झालास, बक्षिसं घेतलीस, तरी तीळ उजव्याच गालावर. प्रत्येक पुस्तकात. मी म्हणायचे, बघा, बापाचं तोंडसुद्धा धड आठवत नाही याला. बाबा मात्र चित्र बघून म्हणायचे, "बरोबर आहे." मला वाटायचं, पोराची बाजू घेतायत आणि कबूल करत नाहीत.

तर कार्ड मी बाबांना दाखवलं. दाखवलं म्हणजे त्यांच्यासमोर धरलं. आता तू विचारशील, त्यांनी हातात का नाही घेतलं. उजवा हात चालत नाही. झालं, लिहिलं एकदाचं.

घरात नाही, दुकानातच झटका येऊन पडले. गिऱ्हाइकाला फेस लावून झाला होता, वस्तरा अजून उचलला नव्हता, तेवढं नशीब. उजवी बाजू गेली. पाय थोडा ओढतात, पण तोंड उजवीकडून खाली आलंय, ओल्या कपड्यासारखं. बोललेलं मला कळतं, बाकीच्यांना मी सांगते. दवाखान्यातून आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "त्याला कळवू नकोस." दुसरं, "आरसा फिरव." दुकानातला तो भलामोठा आरसा मी आणि मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दाढी मी करते. हसू नकोस. वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलं, अर्ध्या तोंडाने शिव्या देत. "भाजी चिरतेस का?" म्हणतात. घरात उजेड कमी, म्हणून दुकानातल्या खुर्चीत बसवते. जन्मभर त्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस आता तिच्यात बसतो, आणि पाठ दुखते म्हणून खुर्चीलाच नावं ठेवतो.

कार्ड बघितलं त्या दिवशी म्हणाले, "आरसा सरळ कर."

केला. मागे उभी राहून फेस लावला, वस्तरा उचलला, वर बघितलं, आणि आरशात तुझा दरोडेखोर बसलेला. फेसाच्या वर तीळ, उजव्या गालावर. हात थांबला माझा.

अरे, तू शाळा सुटली की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचास. बाबा कामात, तुझ्याकडे पाठ. तुला त्यांचं तोंड दिसायचं ते आरशात. तू विसरला नव्हतास, चुकलाही नव्हतास. बाबांनीही स्वतःला आरशाशिवाय कधी बघितलेलं नाही, म्हणून त्यांना ते बरोबर वाटायचं. सगळ्या गावाला चूक, तुम्हा दोघांना बरोबर. आणि हे तुम्ही एकमेकांना सांगायचं सोडून इतकी वर्षं तोंडं फिरवून बसलात!

बाबा आरशात बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे तोंड त्याच्याकडे नाहीये."

"कुणाकडे?"

"ठोकळ्याकडे, आणखी कुणाकडे. नवीन आहे. काढलं नाही त्याने." आणि मग, "कापशील, नीट धर."

आरसा आता सरळच असतो. परत फिरवायला सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर हातात काही राहणार नाही. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. तुझी चित्रं भिंतीवर टांगलेली असतील, तू नसलास तरी कुठे जात नाहीत. रिबीन कापायला कुणीतरी मिळेल. पत्र मिळालं की नीघ. पेन्सिल आणायची तर आण, नाहीतर नको आणू.

तुझं स्टूल कोपऱ्यातच आहे, पण तिथून आरशात त्यांची चांगलीच बाजू दिसते. या वेळी तिथे बसायचं नाही. पुढे येऊन समोर बस.

वर "बाबा बरे आहेत" असं लिहिलंय ते खोडत नाही, पानाची घाण होते. तू खोडून वाच.

वाट बघणारी दोघं, त्यातली लिहिता येणारी,
ताई