हवेचा मीटर

रायडरसाहेब,

बाळाला घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. सकाळी तू त्याच्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, "काही नाही गं, उगाच पराचा कावळा करतेस." मी थर्मामीटर लावला, तर ताप एकशे तीन. तोवर तू आजच्या दगडांवरच्या स्पर्धेसाठी बाइकच्या मागच्या टायरची हवा तिसऱ्यांदा मोजत होतास. दगडावर पकड बसावी म्हणून फक्त चार पौंड, काटा तसूभर हलायला नको.

तू अंघोळीला गेल्यावर मी दोन्ही टायरमध्ये हवा भरलीय. किती, ते सांगणार नाही. जास्त राहिली तर चाक दगडावरून घसरतं, फार सोडली तर टायर रिममधून निघतो, हे तूच शिकवलंयस. मीटर माझ्या पर्समध्ये आहे.

हात लावून बघ ना. तुला कळतं.